शब्दचर्चा : डिफ्युजरला मराठीत काय म्हणावं?

परभणीहून
आयटीआयच्या मुलांसाठी टीव्ही-मॉनिटर दुरुस्तीची टिपणं मराठीत लिहितोय. एलसीडीच्या पडद्यामागे पांढरट शीट असते ना, डिफ्युजर, तिथं येऊन अडलोय. एलसीडीतल्या द्रवस्फटिकाला स्वतःचा उजेड नसतो. मागून एलईडीचा उजेड द्यावा लागतो, आणि एलईडी म्हणजे सुटे सुटे ठिपके. ते ठिपके मोडून उजेड सारखा पसरवायचं काम या शीटचं. 'विकिरक' लिहू की 'विसारक'? दुसरं, आता बाकदार पडदे आणि वाकवता येणारे पडदे असे दोन प्रकार आलेत. मुलं दोन्हींना 'वक्र'ही म्हणतात आणि 'लवचीक'ही.

लातूरहून
सर, 'विकिरक' नको. शाळेच्या विज्ञानात 'प्रकाशाचे विकिरण' म्हणजे कणांवर आदळून उजेड चहूकडे फेकला जाणं, तेव्हा अर्थ चुकत नाही. पण बोलण्यात विकिरण म्हटलं की लोकांना क्ष-किरण आठवतात. 'विसरण'ही शाळेत शिकवतात, अत्तराचा वास खोलीभर पसरतो ते. मात्र त्याची क्रियापदं करायला गेलं की पंचाईत होते. 'उजेड विसरतो' असं कोण लिहील? 'विसारक' नाम म्हणून चालेल, क्रियापद मात्र 'पसरवणं'च ठेवा.

मला या शीटवरून माहेरचं माळवदाचं घर आठवलं. छताला साणं होतं. दुपारी त्यातून ऊन खाली यायचं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर भाकरीएवढा कवडसा पडायचा. त्याच्याकडे बघवत नसे आणि बाजूचा कोपरा मात्र अंधारा. एकदा आजीनं साण्यावर धुतलेलं पांढरं धोतर टाकलं. कवडसा गेला आणि उतरंडीची शेवटची गाडगीसुद्धा दिसायला लागली. आपल्या भाषेत कवडसा वेगळा आणि उजेड वेगळा. मुलांना सांगा, कवडशाचा उजेड करते ती ही शीट.

नांदेडहून
ताई, लई बरोबर बोललात. मी टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यातला. आम्ही डिफ्युजरच म्हणतो, पण नव्या पोराला 'दुधी शीट उचल' म्हटलं की बरोबर तीच उचलतो. दुधी काच, दुधी बल्ब हे त्याला घरूनच माहीत असतं. सर, तुम्ही एक करा. ती शीट मुलांच्या हातात द्या आणि मागं पंजा टेकवायला लावा. टेकलेला पंजा स्वच्छ दिसतो. चार बोटं मागं नेला की नुसती सावली, अजून मागं नेला की काहीच नाही. म्हणजे काम एकट्या शीटचं नाही, शीट आणि एलईडी यांच्यामधल्या अंतराचंही आहे. एलईडीवरची लेन्स निखळली की त्या जागी पांढरा टिपका उमटतो, तो असा शीटला पुरून उरलेला कवडसाच.

परभणीहून
भाऊ, अंतराचं बोललात ते फार कामाचं आहे. पडदा वाकवला की नेमकं तेच अंतर जागोजागी बदलतं, आणि कुठं उजळ, कुठं मळकट दिसतं. शिवाय शीट एकटी नसते. तिच्यावर प्रिझमच्या शीट असतात. वहीची पानं एकत्र वाकवून बघा, कडा पुढेमागे सरकतात. शीटनाही तसं सरकायला जागा लागते, त्यात प्लास्टिक उष्णतेनं वाढतं. चारी बाजूंनी आवळून बसवली तर सुरकुती पडते आणि ती पडद्यावर दिसते.

दुधीपणा येतो कशानं, हेही टिपणात घेतोय. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वळवण्याचं माप, सुमारे १.५९, अ‍ॅक्रिलिकचा १.४९. एकात दुसऱ्याचे बारीक मणी मिसळले की उजेड मण्यामण्याशी वळतो. पातळ फिल्मवर हेच मणी लेपातून बसवतात. वाकवायच्या पडद्यासाठी तो लेप मऊ हवा, नाहीतर घडीच्या जागी तडकतो.

लातूरहून
मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या रानातच आहे. वाऱ्यानं ज्वारीचं ताट लवतं आणि वारा थांबला की उभं राहतं. खिळा वाकतो तो वाकलेलाच राहतो. लवचीक म्हणजे लवून परत सरळ होणारं. कारखान्यातूनच बाक घेऊन आलेल्या पडद्याला लवचीक म्हणू नका, तो बाकदार. 'वक्र' चूक नाही, पण 'वक्रदृष्टी'मुळे त्याला वाकडेपणाचा वास येतो. 'बाकदार' शब्दाला तसा डाग नाही.

आणि साधा शब्द घ्यायला संकोचू नका. द्रवस्फटिकांवर जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी १८८९ साली निबंध लिहिला, तेव्हा मथळ्यात 'वाहते स्फटिक' असंच म्हटलं. डोळ्यांना दिसलं तेच नाव दिलं.

परभणीहून
ठरलं तर. मथळ्यात 'प्रकाश-विसारक थर' आणि मजकुरात सगळीकडे 'दुधी शीट'. पडदे दोन प्रकारचे, बाकदार आणि लवचीक. पंजाचा प्रयोग पहिल्याच पानावर घेतो. भाऊ, बाद झालेल्या टीव्हीतल्या दोन-चार दुधी शीट असतील तर ठेवा बाजूला, पुढच्या आठवड्यात नांदेडला येणं आहे.

नांदेडहून
या सर. सहा ठेवल्यात. एक बाकदार टीव्हीतली पण आहे, सुरकुती पडलेली.