शुक्राचा ‘थेंब’ आणि पुढचं अधिक्रमण

६ जून २०१२ च्या शुक्राच्या अधिक्रमणाचे, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकतानाचे, फोटो अप्रतिम आहेत! सूर्याच्या कडेला टेकताना शुक्र थेंबासारखा लांबट का दिसतो, असा प्रश्न ते बघून पडतो. पूर्वी लोक याचं कारण शुक्राचं वातावरण मानत. पण १९९९ मध्ये सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या ट्रेस उपग्रहाने अंतराळातून टिपलेल्या बुधाच्या अधिक्रमणातही हा परिणाम दिसला, आणि बुधाला वातावरण जवळपास नाहीच. दुर्बिणीची मर्यादा आणि सूर्यबिंबाचा कडेकडे झपाट्याने कमी होणारा उजेड, यातून तो थेंब तयार होतो. जमिनीवरून बघताना हवेची थरथर त्यात भर घालते.

शुक्र आता थेट २११७ मध्ये, पण १३ नोव्हेंबर २०३२ चं बुधाचं अधिक्रमण मात्र अजिबात चुकवू नका. आपल्याकडे दुपारी बारानंतर सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल, म्हणजे पूर्ण दिसेल! बुध सूर्याच्या व्यासाच्या जेमतेम दोनशेव्या भागाएवढा, त्यामुळे नुसते ग्रहणाचे चष्मे पुरणार नाहीत, दुर्बीण हवीच. सोलर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवा. आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) लावायचे छोटे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते कृपा करून वापरू नका. फोकस एखाद्या सौरडागावर करून घ्या, डाग नसेल तर सूर्याच्या कडेवर.