पापण्यांच्या कडा सारख्या सुजतात, कायमचा इलाज आहे का?

उद्यमनगरकर:
मी लेथवर काम करतो. सकाळी डोळे चिपडांनी चिकटलेले, पापण्यांच्या मुळाशी पापुद्रे, कडा लालभडक. दिवसभर वाळू गेल्यागत खुपतं. रांजणवाडी तर सारखीच. ड्रॉप घातले की बरं, बंद केले की पुन्हा तेच. डॉक्टरांनी ब्लेफरायटिस सांगितलंय. कुणाचं पूर्ण बरं झालंय का?

शाहूपुरीची वहिनी:
दादा, मलाही हेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मुळासकट जात नाही, पण ताब्यात नक्की राहतं. पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तेल घट्ट होऊन त्यांची तोंडं बुजली की अश्रू लवकर सुकतात, म्हणून ते खुपणं. नुसत्या ड्रॉपनं ते तेल सुटत नाही, शेक लागतो.

रात्री हाताचं ऑइल साबणानं नीट काढा. सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाला सोसेल एवढंच गरम. मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवा. कापड लगेच निवतं, परत परत बुडवावं लागतं, आणि लोक कंटाळतात ते इथंच. मग लगेच बोटानं वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, हलक्या हातानं चोळा. शेवटी कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून कापसानं पापण्यांच्या मुळाशी पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. त्रास असताना दिवसातून दोनदा, उतरल्यावर एकदा. बरं वाटलं म्हणून सोडू नका, मी कळकळीनं सांगते.

शिरोली फौंड्री:
डोक्यात कोंडा आहे का बघ भावा. असला तर त्याचाही इलाज कर, दोन्ही जोडीनं येतात. आणि पापुद्रे पापणीच्या केसाच्या मुळाला नळीसारखे गुंडाळलेले असतील तर डेमोडेक्स किडा असू शकतो. मला तोच निघाला. बेबी शाम्पूनं तो जात नाही, औषध वेगळं असतं. डोळा मशीनला लावून बघितला की डॉक्टरांना लगेच दिसतं. ड्रॉप कुठले घालतोस?

उद्यमनगरकर:
कोंडा लै आहे. बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिलंय. संपली की मेडिकलमधून दुसरी आणतो.

शाहूपुरीची वहिनी:
अहो दादा, ते स्टेरॉइड आहे! डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय फार दिवस घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. उद्याच बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दाब मोजून घ्या. ड्रॉप कसे कमी करायचे तेही त्यांनाच विचारा. अंधूक दिसत असेल, उजेड सोसत नसेल किंवा गाठ एकाच जागी परत परत येत असेल तर तेही आवर्जून सांगा. शेक मात्र आज रात्रीपासूनच सुरू करा.