२६ आठवड्यांची रजा हवीच, पण पगार एकट्या मालकाने का द्यायचा?

काळा कोट :
परवा वांद्र्याला कामगार न्यायालयाबाहेर एक बाई भेटल्या. पिशवीतून आधी बाळाचं दुपटं निघालं, मग कामावरून काढल्याचं पत्र. 'प्रोबेशन काळातील कामगिरी असमाधानकारक.' त्याच्या दोन महिने आधी त्याच साहेबांनी ईमेलवर शाबासकी दिलेली. मध्ये घडलं एवढंच, की बाईंनी दिवस गेल्याचं सांगितलं. (ही पत्रं सगळीकडे एकाच माणसाने टाईप केल्यासारखी का असतात, देव जाणे.)

ही केस लढता येते, कागद आहेत. पण जिला मुलाखतीतच 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं, तिची केस कुठे उभी करू? प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली. चांगलंच केलं. पण पैसे? महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि ईएसआयमध्ये, म्हणजे मालक-कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या सरकारी कामगार विमा योजनेत, नाव असेल तर ती चालवणारं ईएसआयसी महामंडळ देतं. त्यावर गेलात की सगळा भार मालकावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार! २१ नोव्हेंबर २०२५ ला जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातही हे तसंच. माझं म्हणणं, ती २१,००० ची अट काढा, बाई असो की पुरुष, प्रत्येक नोकरदारामागे थोडी वर्गणी घ्या आणि रजेचा पगार त्या निधीतून द्या. मग बाई घेतली काय, बाप्या घेतला काय, मालकाला खर्च सारखाच.

गिरणगावकर :
वकीलसाहेब, कोट काळा पण बोली शेठजींची. 'परवडत नाही' हे आम्ही जन्मभर ऐकलंय. इथल्याच मॅकिनन मॅकेन्झी कंपनीने बाई स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार दिला आणि कोर्टात तंगीचं रडगाणं गायलं. १९८७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ऐपत नाही म्हणून समान वेतनाचा कायदा मोडता येणार नाही. आज तुम्ही तेच रडगाणं मालकाच्या वतीने गाताय. मालकाला मोकळं केलंत की उद्या तो पाळणाघरातूनही अंग काढेल.

काळा कोट :
निकाल बरोबर सांगितलात, लावलात चुकीच्या जागी. तिथे कंपनीला कायद्यातून सूट हवी होती. मी सूट मागत नाही, २६ चे २५ करा असंही म्हणत नाही. पैसे कोणत्या गल्ल्यातून जावेत, एवढाच प्रश्न आहे. आणि ईएसआयमध्ये मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतोच, सुटतो कुठे?

चौदा माणसांचा मालक :
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. अंधेरीला छोटं ऑफिस आहे, आम्ही चौदा जण. अकाउंट्सच्या बाई रजेवर गेल्या, त्यांचा सहा महिन्यांचा पगार दिला, बदली माणसालाही दिला. जीएसटीचे रिटर्न मी रात्री बसून भरले. २०१८ मध्ये कामगार मंत्रालयाने सात आठवड्यांचा पगार मालकाला परत द्यायचं बोलून दाखवलं होतं. तेही १५,००० च्या आतल्या पगारालाच, आणि माझ्या खात्यात आजवर दमडी आली नाही. पुढच्या वेळी बायोडेटा चाळताना हात थबकला, हे खोटं का सांगू?

लेडीज डबा :
दादा, खरं बोललात म्हणून तुमच्यावर कमी चिडते. पण थबकलेला तो हात आम्हाला टेबलापलीकडून दिसतो. 'लग्न झालंय का? घरी कोण असतं?' माझ्या नवऱ्याला आजवर हे कुणी विचारलेलं नाही, आणि मूल दोघांचं आहे.

वकीलकाका, तुमचा निधी उद्या आला तरी हा प्रश्न थांबणार नाही. मी परत कामावर गेले तेव्हा कायद्याने पाळणाघर हवं होतं, आमच्याकडे माणसं पन्नासच्या वर. मला मिळाली स्टेशनरीची खोली. ए-फोरच्या खोक्यावर बसून दूध काढायचं, दाराला कडी नाही, म्हणून एक पाय दाराला लावून. शिपाईमामा आधी खोकायचे, मग दार वाजवायचे. माझ्या पगाराचा भार कुणावर होता, याच्याशी त्या कडीचा काय संबंध?

काळा कोट :
ताई, इथे मी हरलो. कडीला कलम नाही. पाळणाघराला आहे, दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही त्यातच आहे. पण तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही, नोकरी टिकवायची असते ना. तरी निधीचा हेका सोडत नाही. त्याने सगळे नाही, पण मालकदादांसारखे हात थोडे कमी थबकतील.

गिरणगावकर :
निधी करा, पण मालकाचा हिस्सा मोठा ठेवा. आणि घरकामाच्या बायका? चार घरी धुणंभांडी करणारीचा मालक कोण? तिला २६ आठवडे सोडा, २६ दिवस तरी कोण देतं? तुमची सगळी चर्चा एसीतली.

काळा कोट :
मान्य. म्हणून तर निधी म्हणतोय. मालकाच्या गळ्यात बांधलेला हक्क, जिला एक मालकच नाही तिला कसा पोचणार?

लेडीज डबा :
मालकदादा, एक विचारू? तुमच्याकडे बापाला रजा किती?

चौदा माणसांचा मालक :
दोन दिवस. कायद्याने तर तेवढीही द्यावी लागत नाही. जास्त कुणी मागितलीच नाही.

लेडीज डबा :
केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस आहे. तुम्ही पंधरा करून बघा, कोण कोण मागतं ते.

चौदा माणसांचा मालक :
मार्चनंतर बोलू. आत्ता ऑडिट आहे, आणि ते बघणाऱ्या अकाउंट्सच्या बाई तेवढ्या परत आल्यात.