लिओनार्ड कॅसलींचं हट रिव्हर : एका शेतकऱ्याचा 'देश' पन्नास वर्षं टिकला कसा आणि संपला कशामुळे?

नकाशेवाला (धागाकर्ता)

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हट रिव्हरचे संस्थापक लिओनार्ड कॅसली यांच्यावर अभ्यासगटात तासाभराचं सादरीकरण करायचं आहे. ढोबळ कथा सगळीकडे एकच मिळते: गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडण झालं, २१ एप्रिल १९७० ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि स्वतःला प्रिन्स म्हणवून घेतलं. पर्थच्या उत्तरेला सुमारे ५१७ किलोमीटरवर, नॉर्दम्प्टनजवळची ७५ चौरस किलोमीटर जमीन. राजधानीचं नाव नेन. हे सगळं आहे माझ्याकडे.

अडतंय ते पुढे. कोट्याचा नेमका हिशोब काय होता? त्यांच्या कायदेशीर दाव्यांपैकी कशात दम होता? तिकिटं, नाणी, पासपोर्ट यांना काही किंमत होती का? आणि १९७० पासून टिकलेली गोष्ट २०२० मध्येच का संपली? जाणकारांनी कृपया तपशिलात सांगावं. 'गमतीदार म्हातारा' छापाची माहिती भरपूर आहे, ती नको.

---

बांधावरून

कोट्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लेखांत हा भाग एका ओळीत उरकलेला असतो आणि मग माणूस नुसता विक्षिप्त वाटतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गहू इतका पिकला की गोदामं अपुरी पडली. गहू विकायचा तो ऑस्ट्रेलियन व्हीट बोर्डामार्फतच, त्यामुळे १९६९-७० च्या हंगामासाठी शेतकरीनिहाय कोटे लागले. तिकडे पेरणी मे-जूनमध्ये होते आणि काढणी नोव्हेंबरच्या आसपास. कॅसलींना आपला कोटा कळला नोव्हेंबर १९६९ मध्ये. म्हणजे बियाणं, खत, डिझेल, मजुरी सगळं घालून झालं होतं आणि पीक उभं होतं.

आता आकडे. त्यांचा सुमारे ४ हजार हेक्टर, म्हणजे ९,९०० एकर गहू काढणीला आला होता. कोटा मिळाला १,६४७ बुशेलचा. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, २७.२ किलो. गुणाकार केला की ४४८ क्विंटल येतात. हे साधारण १०० एकरांचं पीक, एकरी साडेचार क्विंटल. कोरडवाहू शेतीला तिथे हा उतारा काही वावगा नाही. थोडक्यात, शंभर पोत्यांतलं एक विकायची परवानगी. सादरीकरणात बुशेल सांगू नका, आपल्याकडे कोणालाच अंदाज येत नाही. क्विंटल आणि एकर सांगा, लोक लगेच सावरून बसतील.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर सर डग्लस केंड्र्यू यांच्याकडे रीतसर तक्रार केली. कोटा बदलला नाही. मग ५.२ कोटी डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. पाठोपाठ ग्रामीण जमिनी सक्तीने ताब्यात घेण्याचं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं आणि आता शेतच जाणार, असं त्यांनी त्यातून वाचलं. स्वातंत्र्याची घोषणा या सगळ्यानंतरची. माझ्या मते हा माणूस पहिल्या दिवशी राज्य काढायला निघालाच नव्हता. अर्ज, दावा, भरपाई ही सगळी दारं वाजवून झाल्यावर तो तिथे पोचला. आणि तेव्हाही राणी एलिझाबेथशी असलेली निष्ठा त्याने सोडली नाही. म्हणून तर सुरुवातीचं नाव 'हट रिव्हर प्रॉव्हिन्स' असं होतं.

---

कलम_पोटकलम

कायद्याकडे येऊ. कॅसलींचं कायद्याचं औपचारिक शिक्षण नव्हतं, पण चिकाटीने कागद तयार करण्यात ते तरबेज होते. त्यांची पद्धत अशी: सरकारी कार्यालयाला पत्र पाठवायचं, उत्तर आलं तर त्यातला एखादा शब्द पकडायचा, नाही आलं तर मौन म्हणजे संमती असं धरायचं.

पहिला मासला. गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयातून आलेल्या पत्रावर त्यांचा उल्लेख हट रिव्हर प्रॉव्हिन्सचा प्रशासक असा होता. कॅसलींचं म्हणणं, राणीच्या प्रतिनिधीने असं संबोधलं म्हणजे मान्यता मिळाली. इथे फसगत होते. एका देशाने दुसऱ्याला मान्यता देणं ही हेतुपुरस्सर केलेली कृती असते. पाकिटावरच्या मायन्याने ती होत नाही. २०१६ मध्ये वर्धापनदिनासाठी बकिंगहॅम पॅलेसकडून आलेल्या शुभेच्छांचंही तेच. ते सौजन्याचं पत्र होतं.

दुसरा मासला म्हणजे प्रिन्स ही पदवी. पंतप्रधान विल्यम मॅकमहन यांच्याकडून खटल्याची भाषा सुरू झाल्यावर कॅसलींनी १४९५ चा इंग्लंडचा ट्रीझन अॅक्ट, म्हणजे राजद्रोहाचा कायदा, काढला. सातव्या हेन्रीच्या काळातला हा कायदा. गादीसाठी लढाया चालू असताना जो राजा प्रत्यक्ष गादीवर असेल त्याची सेवा करणाऱ्याला पुढे राजद्रोही ठरवू नये, एवढाच त्याचा आशय. कॅसलींनी त्याचा अर्थ असा लावला की मी प्रत्यक्ष सत्ता चालवणारा प्रिन्स आहे, म्हणून मला आणि माझ्या लोकांना संरक्षण आहे. कायदा खरा आहे, पण तो प्रजेला वाचवतो, नवा राजा जन्माला घालत नाही.

मूळ अडचण मात्र याहून मोठी होती. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत राज्याची सीमा बदलायची तर १२३ व्या कलमानुसार त्या राज्याच्या विधिमंडळाची आणि मतदारांचीही संमती लागते. सादरीकरणात एक गोष्ट जरूर घ्या: ८ एप्रिल १९३३ ला खुद्द पश्चिम ऑस्ट्रेलियाने फुटून निघण्यासाठी सार्वमत घेतलं आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांनी बाजूने मत दिलं. तो अर्ज ब्रिटिश संसदेकडे गेला आणि १९३५ मध्ये तिने तो विचारात घ्यायलाच नकार दिला. अख्खं राज्य बहुमताने बाहेर पडू शकलं नाही, तिथे एका शेताचं काय!

---

नकाशेवाला

दोघांचेही आभार, क्रम आता स्पष्ट झाला. १९७७ च्या 'युद्धा'बद्दल विचारायचं राहिलं. त्यातून जिनिव्हा करारांनुसार सार्वभौमत्व मिळालं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. आणि देश कशाला म्हणायचं याचे १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारातले चार निकष हट रिव्हर पूर्ण करत होतं का?

---

कलम_पोटकलम

२ डिसेंबर १९७७ ला कॅसलींनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि काही दिवसांतच ते थांबवल्याचं कळवलं. गोळी एकही सुटली नाही. पार्श्वभूमीला कर खात्याच्या मागण्या होत्या, आणि त्याआधी १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने त्यांचं टपाल हाताळायला नकार दिल्याने ते कॅनडामार्गे फिरवावं लागत होतं. युद्धात जो हरला नाही त्याचं सार्वभौमत्व मानलं पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. पण १९४९ चे जिनिव्हा करार जखमी, युद्धकैदी आणि नागरिक यांच्या संरक्षणाचे आहेत. चारही करारांत सामाईक असलेल्या कलम ३ मध्ये तर सरळ म्हटलंय की या तरतुदी लागू केल्याने पक्षांच्या कायदेशीर दर्जावर परिणाम होत नाही. तेव्हा 'जिनिव्हाने मान्यता दिली' हे वाक्य स्लाइडवर अजिबात घालू नका.

माँटेव्हिडिओचे निकष: कायम लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार, इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. भूभाग मोजलेला होता. शेतावर राहणारी माणसं होती, पण दोन-तीन डझनांच्या घरातली. परदेशी 'नागरिकां'चा जो हजारांतला आकडा सांगितला जायचा ते तिथे राहत नव्हते. अडतं ते तिसऱ्या निकषावर. सरकार म्हणजे त्या जमिनीवर दुसऱ्या कोणाचा कायदा चालत नाही अशी परिणामकारक सत्ता. ऑस्ट्रेलियाने ती जमीन कधीच सोडली नव्हती. दर वेळी जाऊन धडक मारली नाही, एवढंच.

---

सुटे_पैसे

तिकिटं आणि नाण्यांचं मी सांगतो, कारण हट रिव्हरची चूल पेटती ठेवण्यात त्यांचा आणि पर्यटकांचा मोठा हात होता. पर्यटक तिथला टपाल कक्ष बघायचे, पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचे, प्रिन्सबरोबर फोटो काढायचे आणि जाताना तिकिटं-नाणी विकत घ्यायचे. संस्थापक स्वतः पाहुण्यांना वेळ देतो, हे फार थोड्या ठिकाणी मिळतं.

चलन हट रिव्हर डॉलर, १०० सेंटचा, ऑस्ट्रेलियन डॉलरशी एकास एक बांधलेला. पण कायदेशीर देणं फेडायला तो शेताबाहेर कुठेच चालत नव्हता. संग्राहक अशा तिकिटांना 'सिंड्रेला' म्हणतात: दिसायला टपाल तिकीट, पण जागतिक टपाल संघाच्या सदस्य देशाने काढलेलं नाही. मोठ्या कॅटलॉगांच्या देशवार यादीत ती शोधत बसू नका.

विकत घ्यायची असतील तर सुट्या तिकिटांपेक्षा प्रवास झालेली पाकिटं पाहा. अशा स्थानिक टपालाच्या पाकिटावर साधारणपणे दोन तिकिटं असतात, एक स्थानिक आणि एक खऱ्या टपाल खात्याचं, दोन्हींवर वेगवेगळे शिक्के. फक्त स्थानिक तिकीट आणि पत्ता कोरा असेल तर ते आठवण म्हणून बनवलेलं आहे, तेवढीच किंमत द्या. नाण्यांत 'हट रिव्हरचं दुर्मीळ' एवढं वाचून पैसे मोजू नका. चांदीचं म्हणून विकत असतील तर धातूची शुद्धता आणि वजन विचारा, काट्यावर तपासा आणि धातूच्या भावावर किती जास्त देताय ते पाहून ठरवा.

मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर गोंद लावलेली तिकिटं पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात. पीव्हीसीच्या पाकिटांतून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलारच वापरा, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदललं की वाळवून परत घाला.

पासपोर्टबाबत मात्र कळकळीने सांगतो. युरोपीय संघाच्या काल्पनिक पासपोर्टांच्या यादीत हट रिव्हरचं नाव आहे. चुकीची कागदपत्रं घेऊन आलेल्या प्रवाशाला परत नेण्याचा भुर्दंड विमान कंपनीवर पडतो, म्हणून ती काउंटरवरच अडवते. आणि सीमेवर तो खरा म्हणून पुढे केला तर गुन्हा होऊ शकतो. संग्रहात ठेवा, प्रवासाच्या पिशवीत नको.

---

जमाखर्च

शेवट का झाला, याचं उत्तर कराच्या वसुलीच्या पद्धतीत आहे.

ऑस्ट्रेलियात विवरणपत्र भरलं नाही तर कर आयुक्त उपलब्ध माहितीवरून स्वतः उत्पन्न ठरवून आकारणी करतो. ती जास्त आहे असं वाटत असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी करदात्याची. त्यासाठी मुदतीत हरकत नोंदवायची आणि मग न्यायाधिकरणात किंवा फेडरल कोर्टात जायचं. पण हरकत नोंदवायची म्हणजे आपण ऑस्ट्रेलियाचे करदाते आहोत हे मान्य करायचं. कॅसलींची भूमिकाच त्याच्या उलट होती, म्हणून तो रस्ता त्यांनी स्वतःच बंद करून घेतला. मग वसुलीच्या दाव्यात कोर्टासमोर फक्त आकारणीची नोटीस ठेवायची, तिथे रकमेवर वाद चालत नाही. थकबाकीवरचं व्याज रोजच्या रोज चक्रवाढीने चढतं. अशा प्रकरणात रक्कम लाखो डॉलरांत जायला वेळ लागत नाही.

२००७ मध्ये हाय कोर्टाने, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना अपिलाची परवानगी नाकारली. जून २०१७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुप्रीम कोर्टात न्या. ले मिअर यांनी लिओनार्ड यांना सुमारे २७ लाख आणि त्यांचे पुत्र आर्थर यांना सुमारे २ लाख ४२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला सांगितलं. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, ९१ व्या वर्षी लिओनार्ड यांनी पद धाकटे पुत्र ग्रेम यांच्याकडे सोपवलं होतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला ते वारले. २०२० मध्ये पर्यटन थांबलं, रोख येणं आटलं, आणि ३ ऑगस्ट २०२० ला हट रिव्हर विसर्जित झालं. कर फेडायला जमीन विकायची ठरली.

विकता आली, कारण ती ऑस्ट्रेलियाच्या जमीन नोंदणीतून बाहेर गेलीच नव्हती. आपला सातबारा हा महसुली उतारा. त्यावरच्या नावाला वादात आव्हान देता येतं. तिकडे टोरेन्स पद्धत आहे, रजिस्टरमधली नोंद हाच मालकीचा अंतिम पुरावा. मला वाटतं कॅसलींच्या सगळ्या कागदपत्रांत हा एक कागद त्यांच्या विरोधात होता आणि तोच निर्णायक ठरला.

---

खाडीपलीकडे

तुलनेला समुद्रातल्या किल्ल्यावर सीलँड नावाचा 'देश' जाहीर करणारे रॉय बेट्स घ्या, फरक लगेच कळेल. रफ्स टॉवर हा तो दुसऱ्या महायुद्धातला किल्ला, इंग्लंडमधल्या सफोकच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटर समुद्रात. २ सप्टेंबर १९६७ ला बेट्सनी घोषणा केली तेव्हा ब्रिटनची सागरी हद्द ३ सागरी मैलांची होती, म्हणजे किल्ला हद्दीबाहेर. १९६८ मध्ये बंदुकीच्या खटल्यात चेम्सफर्डच्या कोर्टाने हे ठिकाण आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे असं म्हटलं. असा निकाल कॅसलींच्या वाट्याला कधीच आला नाही. १९८७ मध्ये ब्रिटनने हद्द १२ सागरी मैलांपर्यंत वाढवली, आणि त्याआधीच १९७८ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने सीलँड हा देश नाही असं ठरवलं होतं. तरी ते आजही चालू आहे, कारण लोखंड-काँक्रीटच्या त्या मनोऱ्यावर गहू पिकत नाही आणि थकबाकीपोटी विकावी अशी जमीन तिथे नाही.

---

जमाखर्च

@नकाशेवाला, एक सूचना. स्लाइडवर दोन रंग ठेवा. कॅसलींचे दावे एका रंगात (१९७२ मध्ये प्रत्यक्ष स्वायत्तता मिळाली, युद्धानंतर सार्वभौमत्व, परदेशी नागरिकांचे आकडे) आणि नोंदीत सापडणाऱ्या गोष्टी दुसऱ्या रंगात (कोटा, कोर्टाचे निकाल, तारखा, विसर्जन). २०१७ चा निकाल मिळवायचा असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालसंग्रहात 'कॅसली' आणि वर्ष घालून शोधा. पूर्ण वाचा, लांब नाही, आणि प्रत्येक युक्तिवाद का फेटाळला ते त्यात ओळीने दिलेलं आहे.