आईच्या नावावरच्या फ्लॅटमधून रूममेट निघतच नाहीये, काय करू?

वाईकर_पुण्यात: कोथरूडला टू बीएचके आहे, फ्लॅट आईच्या नावावर, आई-बाबा वाईला असतात. दीड वर्षापूर्वी कॉलेजचा मित्र नोकरीसाठी आला, महिनाभरात रूम बघतो म्हणाला आणि राहिलाच. अ‍ॅग्रीमेंट नाही, डिपॉझिट नाही, महिन्याला ७ हजार मला जीपे करायचा, जूनपासून तेही बंद. रात्री दोन-दोनला माणसं घेऊन येतो, सोसायटीची दोन पत्रं आलीत. गेल्या आठवड्यात आई डोळे तपासायला आली तर याने खोलीला स्वतःचं कुलूप लावलेलं, आणि आमचं देवघर त्याच खोलीत भिंतीतल्या कपाटात आहे. आईने बंद दारासमोर फरशीवर उदबत्ती लावली, मला बघवलं नाही. निघ म्हटलं की म्हणतो वर्षाच्या वर राहतोय, आता मी भाडेकरू, जा कोर्टात. दिवाळीला तो गावी गेला की कुलूप बदलून सामान पार्किंगमध्ये ठेवलं तर चालेल का?

सदाशिवपेठी: कुलूप अजिबात बदलू नकोस रे. असं परस्पर बाहेर काढलंस तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात फ्लॅट कुणाच्या नावावर हा मुद्दाच चालत नाही, ताबा कुणाकडे होता एवढंच बघतात.
वर्ष झालं म्हणून कुणी आपोआप भाडेकरू होत नाही. पण तुमच्याकडे कागद नाही हे वाईट झालं. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, तो नसेल तर अटींबद्दल राहणारा म्हणेल ते धरतात, खोडून काढायचं काम तुमचं. रजिस्टर लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरता राहू द्यायचा करार, असता तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज आणि वर राहिलेल्या दिवसांचे दुप्पट पैसे, काम सोपं होतं.
आता वकिलाकडून नोटीस दे, पण आईच्या नावाने, तुझ्या नाही, मालक त्या आहेत. राहायची परवानगी काढून घेतली, अमुक तारखेपर्यंत खोली रिकामी कर, असं स्पष्ट लिहायचं. वाजवी मुदत द्यावी लागते, ३० दिवस दे. तरी नाही हलला तर दावा. जीपेच्या नोटमध्ये काय लिहिलंय ते आजच बघ, आणि आता त्याने पैसे पाठवले तर वकिलाला विचारल्याशिवाय ठेवून घेऊ नकोस.

निशिगंधा_नाशिक: लाइट-पाणी तोडायचं पण डोक्यात आणू नका, आपणच अडकतो. माझ्या मावशीच्या घरात असंच झालेलं, चौकीत गेलो तर दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवलं, फक्त शिवीगाळ केली त्याची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली, तीही पुढे कामाला आली म्हणून सांगते. शेवटी नोटीस गेल्यावर त्याच्या मोठ्या भावाला बोलावलं, समोरासमोर बसून तारीख लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, थकलेल्यातले अर्धे पैसे सोडले. मावशीला ते पैसे फार लागले पण महिन्यात घर मोकळं झालं.

मांडवीकाठ: गोव्यातली एका बहीण-भावाची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, २०१२ चा निकाल आहे. बहिणीच्या घरात भाऊ वर्षानुवर्षं राहत होता, तरी कोर्ट म्हणालं की दुसऱ्याच्या वतीने किंवा फुकट राहू दिलं म्हणून कितीही वर्षं झाली तरी हक्क तयार होत नाही. तुमच्याकडे तो पैसे देत होता म्हणून जसाच्या तसा लागू नाही होणार, पण वकिलाला दाखवाच.

वाईकर_पुण्यात: सगळ्यांचे मनापासून आभार, कुलूप बदलत नाही. जीपे बघितलं, १४ एंट्र्या, नऊवर 'रूम' लिहिलंय, बाकी कोऱ्या, सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढले. आई शनिवारी वकिलाकडे सहीला येतेय. ती यायच्या आधी देव तेवढे बाहेर काढून दे म्हणून त्याला मेसेज टाकलाय, ब्लू टिक आलीये, उत्तर नाही अजून.