शब्दचर्चा: नोट दुरुस्त केलेली, सांधलेली की भरलेली?

परभणी (विचारणा):
उस्मानिया सिक्क्याची, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या चलनातली, दहा रुपयांची एक नोट घ्यायच्या विचारात आहे. विकणाऱ्याने वर्णनात तीनच शब्द दिलेत: 'व्यवस्थित दुरुस्त केलेली'. चांगल्या नोटेच्या निम्म्या किमतीत देतो म्हणतो. आमच्या घरात आजोबांपर्यंत हाली (निजामाचा रुपया) आणि कलदार (इंग्रजांचा रुपया) असा दुहेरी हिशेब चालायचा, आणि या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नड अक्षरंही आहेत. म्हणून मन ओढ घेतं. पण 'दुरुस्त' म्हणजे नक्की काय केलं असेल? नोटेच्या बाबतीत मराठीत याहून नेमके शब्द कोणते? ते कळले तर घ्यायची की सोडायची हे ठरवता येईल.

छत्रपती संभाजीनगर:
दादा, 'दुरुस्त' या शब्दावर पैसे देऊ नका. दुरुस्त म्हणजे ठीक, बरोबर. घड्याळ दुरुस्त होतं, हिशेबातली चूक दुरुस्त होते, घटनादुरुस्ती होते. काय बिघडलं होतं आणि त्यावर काय केलं, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. मी निजामी नोटा जमवतो. आमच्या बोलण्यात हे शब्द वेगवेगळे आहेत.

सांधलेली म्हणजे फाटलेल्या कडा एकमेकींना भिडवून मागून जोड दिलेली. कागद सगळा तिचा स्वतःचाच. भरलेली म्हणजे जिथला तुकडाच गेला तिथे दुसरा कागद बसवलेली. भरलेल्या जागेवर कोणी नक्षी किंवा अक्षरं हाताने काढली, तर ती रंगवलेली. सांधलेली मी आनंदाने घेतो. भरलेली घेतो, पण भरल्याचं आधी सांगितलं असेल तरच. रंगवलेली नोट कितीही स्वस्त असली तरी घेत नाही, कारण त्यात घेणाऱ्याला फसवायचा हेतू असतो.

चौथा प्रकार बहुतेक जण दुरुस्तीत धरतच नाहीत, तो म्हणजे धुतलेली. नोट पाण्यातून काढून दाबून सपाट केली की फोटोत स्वच्छ दिसते. पण मूळची करकर जाते आणि छपाईचा बोटाला लागणारा उठाव बसतो. 'दुरुस्त'मध्ये हीसुद्धा खपून जाते.

जालना:
'रफू केलेली नोट' का म्हणू नये? मराठवाड्यात रफू कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शालीला, कोटाला, पैठणीला रफूच करतात.

छत्रपती संभाजीनगर:
शब्द गोड आहे, पण इथे गफलत होते. रफूत नवा धागा घालून गेलेली वीण पुन्हा विणतात, आणि कुठे केलंय ते दिसू नये हीच रफूगराची करामत. म्हणजे अर्थाने तो 'भरलेली'कडे जातो. विकणारा 'रफू' म्हणाला आणि तुम्ही 'सांधलेली' समजून पैसे दिलेत, तर नुकसान तुमचंच. ठिगळ हा शब्द मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण ठिगळ लपत नाही.

नांदेड:
आमच्याकडं सगळ्यालाच 'चिटकवलेली' म्हणत्यात. बँकेत मात्र फरक करत्यात बरं का. आत्ताच्या चालू नोटेचे दोनच तुकडे झालेत, दोन्ही एकाच नोटेचे हायत आणि महत्त्वाचं काही गेलेलं नाही, तर ती नुसती मळकी धरून बदलून देत्यात. एका नोटेचा अर्धा आन् दुसऱ्या नोटेचा अर्धा जोडला असंल, तर तिला रिझर्व्ह बँकेच्या 2009 च्या नियमांत वेगळं नाव हाय. मराठीत तिला 'विजोड' म्हणावं. जुनी नोट घेतानाबी दोन्हीकडचे नंबर जुळत्यात का, हे आधी बघा.

लातूर (पुस्तक बांधणीचं काम):
जोड कशाने दिलाय यावरही शब्द आहेत. खळ, डिंक, टेप. मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ असेल तर पुढे कधी ओल देऊन जोड सोडवता येतो आणि कागदाला इजा होत नाही. टेपचं तसं नाही. काही वर्षांनी तिचा चिकटा कागदात उतरतो, पिवळा-तपकिरी पट्टा पडतो, मग वरची पट्टी आपोआप गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. चांगला सांधा मागून बोट फिरवलं तरी जेमतेम जाणवतो. नोट खिडकीच्या उजेडासमोर धरली की फाटल्याची रेघ केसासारखी बारीक दिसते आणि छपाईच्या रेषा तिच्या दोन्ही बाजूंना सरळ पुढे जातात. रेषा तिथे जराशी जरी सरकली असेल, तर घाईत चिकटवलेली आहे असं समजा. भरलेला कोपरा ओळखायला नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरा. हल्लीच्या बहुतेक पांढऱ्या कागदात उजळपणाची रसायनं असतात, तो निळसर चमकतो. त्या काळचा कागद तसा चमकत नाही. पण भरणाऱ्याने जुनाच कागद वापरला असेल तर दिवा गप्प बसतो, तेव्हा कागदाचा धागा आणि जाडीच बघावी लागते.

बीड:
प्रत्येक सांध्याला दोष समजू नका, एवढंच सांगायचंय. इंग्रजी अमलातल्या एका बाजूने छापलेल्या नोटा लोक मुद्दाम मधून कापायचे. अर्धी एका टपालाने, ती पोचल्याची खबर आली की उरलेली दुसऱ्या टपालाने. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती निम्मीच लागावी, म्हणून. नंबर दोन्ही अर्ध्यांवर असायचा. तिथला सांधा त्या नोटेच्या वापराचाच भाग आहे, त्याला 'दुरुस्ती' म्हणणं मला पटत नाही. 'जोडनोट' म्हणावं.

हैदराबादचंच दुसरं उदाहरण देतो. 'इजिप्त' नावाची बोट 1922 च्या मे महिन्यात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर होऊन बुडाली. तिच्यात सोन्या-चांदीबरोबर निजाम सरकारच्या नोटाही होत्या. 1930 नंतर इटालियन पाणबुड्यांनी माल वर काढला, तेव्हा त्या नोटाही निघाल्या. आज त्या डागांसकट विकल्या जातात. तसली नोट कोणी धुऊन उजळ केली, तर तिची किंमतच पुसली.

परभणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. विकणाऱ्याला हेच शब्द लिहून विचारलं: सांधलेली, भरलेली, रंगवलेली की धुतलेली? पाठीमागचा आणि उजेडासमोरचा फोटोही मागितला. उत्तर आलं की मधल्या घडीवर सांधलेली आहे आणि डावीकडचा वरचा कोपरा भरलेला आहे, त्यावर रंग नाही. फोटोत तो कोपरा कोराच दिसतो, नक्षी तिथे तुटते. नंबर जुळतात. टेपचा पट्टा कुठे नाही.

छत्रपती संभाजीनगर:
मग नोट वाईट नाही. निम्मी किंमत मात्र सांधलेलीची झाली, भरलेलीची नव्हे. नोटा तपासून दर्जा ठरवणाऱ्या पीएमजीसारख्या संस्थेकडे पाठवलीत तरी अशा नोटेवर दुरुस्तीची नोंद येते. उद्या विकायला काढाल तेव्हा घेणारा तेवढे पैसे कापणारच. तिसऱ्या हिश्श्यात मागा.

परभणी:
तिसऱ्या हिश्श्यावर तो आला नाही, चाळीस टक्क्यांवर आला. घेतोय. विकायची नाही, म्हणून थोडं जास्त गेलं तरी चालेल. पावतीवर मात्र 'दुरुस्त' खोडून 'मधोमध सांधलेली, डावा वरचा कोपरा भरलेला' असं लिहून घेतलंय.