मानेवरचा फोड आणि आजीबाईचा बटवा

कोरडा_पाऊस:
मंडळी, भांडायलाच आलोय. गेल्या महिन्यात मानेवर मागच्या बाजूला रुपयाएवढा पांढरट डाग दिसला. घरात लगेच बैठक बसली, कोड असेल का, पुढे लग्न कसं जमणार वगैरे, आणि आत्याच्या ओळखीच्या एक बाई आहेत त्यांनी बावचीचं तेल दिलं, घरीच काढलेलं, बाटलीवर लेबल नाही काही नाही. म्हणाल्या लावायचं आणि कोवळ्या उन्हात बसायचं. किती वेळ? "बस थोडा वेळ." तेल किती? "अंदाजाने रे." आता माझं कोवळं ऊन म्हणजे रविवारी साडेदहाचं, गच्चीत पेपर वाचत पाऊण तास बसलो. दुसऱ्या दिवशी मान लालबुंद, तिसऱ्या दिवशी लिंबाएवढा फोड, टीशर्टची कॉलर लागली की ब्रह्मांड आठवायचं.
स्किनच्या डॉक्टर हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. म्हणाल्या बावचीत सोरालेन असतं, ते लावलं की कातडी उन्हाला हळवी होते, तुम्ही चक्क भाजलायत. आणि गंमत पुढेच आहे, डाग कोडाचा नव्हताच, साधं शिबं होतं, बुरशीचं!
तर माझा मुद्दा सरळ आहे. "नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही" हे बोलणं बंद करा. ज्याचा इफेक्ट होतो त्याचा साइड इफेक्टही होणारच. आणि आपल्या परंपरेत मोजमाप नावाची गोष्टच नाही, सगळा मामला चिमूटभर आणि अंदाजाने.

सहाण_आणि_खोड:
फोडाबद्दल वाईट वाटलं मित्रा, पण तुझा फोड आमच्या बाजूने साक्ष देतोय 😀 अथर्ववेदाच्या पहिल्याच कांडात कातडीवरचे पांढरे डाग घालव म्हणून वनस्पतीची आळवणी आहे (ती वनस्पती बावचीच असं मी म्हणत नाही). बावची लावून उन्हात बसायचं हे आपल्याकडे जुनंच. तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रोपाच्या बियांचं चूर्ण घेऊन लोक उन्हात बसायचे, त्यावरून १९४० च्या दशकात कैरोच्या डॉ. एल मोफ्टींनी त्यातलं सोरालेन कोडासाठी वापरलं, आणि १९७४ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी तेच सोरायसिस या कातडीच्या आजारावर वापरलं, त्याला पुवा म्हणतात. म्हणजे हॉस्पिटलात जे करतात ते तेच, फक्त उन्हाच्या जागी दिवा. तुला जे मिळालं ती परंपरा नव्हे, परंपरेचा ऐकीव तुकडा. वैद्याने आधी डाग बघितला असता.

कोरडा_पाऊस:
अरे त्या "फक्त" मध्येच तर सगळं आलं ना. दिव्याखाली उजेड किती द्यायचा ते मोजतात, तुझी कातडी किती सोसते ते आधी तपासतात. माझ्या नशिबी "थोडा वेळ".

ठाण्याची_माई:
मोजमाप नव्हतं असं मात्र म्हणू नकोस बाळा. माझ्या सासूबाई बाळगुटी उगाळायच्या तेव्हा मी शेजारी बसून बघितलंय. सहाणेवर आईच्या दुधाचे दोन थेंब, मग एकेका मुळीचा वेढा, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, हळकुंड, काकडशिंगी, सगळ्यांचा सुरुवातीला एकेकच, बाळ मोठं होईल तसे वाढवायचे. वेखंडाचा अर्धाच. आणि जायफळाला मला हातच लावू द्यायच्या नाहीत, म्हणायच्या तुझा हात जड आहे, एक वेढा जास्त पडला की बाळ दिवसभर झोपून राहील आणि दूधही ओढणार नाही. हे मोजमाप नाही तर काय? घड्याळ नव्हतं, पण हाताला माहीत होतं.

रात्रपाळी_फार्मसी:
माई, आदर आहे, खरंच. पण तुमच्याच वाक्यात उत्तर आहे बघा. तुमचा हात जड, सासूबाईंचा हलका, म्हणजे औषधाचा डोस सुनेवर अवलंबून! सहाण नवी खरखरीत असेल तर एका वेढ्यात दुप्पट उतरणार, ती धुतली कुठल्या पाण्याने तेही बघा. वेखंडात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असतं, त्या कारणाने अमेरिकेत वेखंड १९६८ पासून खाण्याच्या पदार्थात घालायला बंदी आहे. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, हे आता अंगणवाडीत पण सांगतात.
आणि गुळवेलीचं आठवतं का? कोविडमध्ये माझ्या काउंटरवर लोक गुळवेल अशी मागायचे जणू पार्ले-जी. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला त्रास झालेले ६ पेशंट जर्नलमध्ये मांडले. आयुष मंत्रालय म्हणालं ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. ठीक, समजा मंत्रालयाचं बरोबर. मग कुंपणावरची वेल तोडून काढा करणाऱ्या काकांना तो फरक कोण सांगणार?

ठाण्याची_माई:
माझ्या सुनेने गुटी न देताच नातू वाढवला, ठणठणीत आहे, मी एक शब्द बोलले नाही. पण तिने बेबी ऑइलवर जेवढे पैसे घातले तेवढ्यात आमची तिन्ही बाळंतपणं झाली असती, हे इथे लिहून ठेवते.

पेठेतला_पाहुणा:
इतकंच फालतू असतं तर अमेरिकेत हळदीचं पेटंट का घेतलं गेलं हो? १९९५ ला दिलं, हळदीने जखम भरते म्हणून, आणि आपल्या डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी संशोधन संस्थेने, लढून १९९७ ला ते रद्द करवलं. जगाला कळलं, आपल्या लोकांना कळत नाही. घर की मुर्गी.

रात्रपाळी_फार्मसी:
पाहुणे, माशेलकरांचा अभिमान मलाही आहे, पण तिथे सिद्ध काय झालं? की हे नवं नाही. सीएसआयआरने ३२ जुने दाखले दिले, त्यात संस्कृत ग्रंथसुद्धा होते, आणि पेटंट ऑफिसने मान्य केलं की हा शोध आधीच ठाऊक होता. जुनं असणं वेगळं आणि गुणकारी असणं वेगळं. जुनं तर देवीचा कोप पण आहे.

सहाण_आणि_खोड:
मग गुणकारीचंच घ्या. सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी ती ब्लडप्रेशरच्या पेशंटना देऊन, आकडे नोंदवून, १९४९ ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेपर छापला, मग १९५२ ला स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन हे ब्लडप्रेशरचं औषध वेगळं काढलं. वकिलांना परंपरेने वाट दाखवली नसती तर त्यांनी ते मूळ हातात तरी घेतलं असतं का?

रात्रपाळी_फार्मसी:
नसतं घेतलं, मान्य. पण आज रिसर्पिन माझ्या दुकानात कोणी मागत नाही, डिप्रेशनच्या तक्रारी आल्या आणि मग त्याहून बरी औषधं आली. आकडे ठेवले म्हणून मागे घेता आलं. बटव्यातून काही काढून टाकलेलं कधी बघितलंय का? आत नुसतं जातच राहतं.

लग्नघर_मेकअप:
इथे सगळे औषधावर तुटून पडलेत, आमच्या धंद्यातलं पण ऐका. नवरीला सगळं "नॅचरल" हवं असतं आणि मेंदी १० मिनिटांत काळीकुट्ट पण हवी असते. अगं बाई, खरी मेंदी केशरी चढते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तपकिरी होते, काळी नाही होत. झटपट काळ्या कोनात पीपीडी असू शकतं, केसांच्या डायमधलं केमिकल. एका मुलीच्या हातावर वेलबुट्टीच्या आकाराचेच फोड आलेले मी बघितलेत, म्हणजे डिझाइन पुसलं गेलं तरी फोडांत दिसत होतं, अंगावर काटा आला. पाकिटावर पानाचं चित्र आणि हर्बल लिहिलेलं. मी स्वतः शिकेकाई-रिठ्यानेच नहाते, दिवाळीचं उटणं घरी कुटते, कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद. पण ते मी कुणाला विकत नाही, कारण कुणाची कातडी कशी ते मला काय माहीत.

घाटाखालचा:
आमच्या सिंधुदुर्गातला एक सांगतंय. नरक्या म्हणून झाड हा, वास असो की नावच तसा पडला. त्यातून कॅम्प्टोथेसिन काढतात, कॅन्सरच्या औषधांसाठी. हे द्रव्य पहिल्यांदा १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या दोघांनी एका चिनी झाडात शोधलं, वॉल आणि वाणी, त्यातले मनसुख वाणी नंदुरबारला जन्मलेले. आमच्या घरात नरक्याला औषध म्हणून कुणी ओळखतच नव्हतं, बटव्यात कधी नव्हता. पण प्रयोगशाळेने नाव घेतलं आणि चोरटी तोड सुरू झाली, ट्रक पकडल्याच्या बातम्या आम्ही वाचतो. तुम्ही शहरात परंपरा का विज्ञान म्हणून भांडा, दोघांच्याही यादीत नाव आलेलं झाड आमच्या डोंगरावरून जाता.

सहाण_आणि_खोड:
याला माझ्याकडे उत्तर नाही. घरच्या अंगणात अडुळसा आणि तुळस आहे, तेवढ्यावर भागवतो.

कोरडा_पाऊस:
अपडेट. डाग गेला, बुरशीच्या साध्या मलमाने. फोड बसला पण त्या जागी चॉकलेटी पट्टा उठलाय, डॉक्टर म्हणतात महिने लागतील, ऊन लावू नका. माई, सासूबाईंचा हलका हात मला पटला हो, पण तो हात बाटलीत भरून येत नाही ना, बाटलीत फक्त तेल येतं. आणि आत्या आत्ताच फोनवर म्हणाली की काळ्या डागावर तिच्याकडे काहीतरी जालीम आहे.

ठाण्याची_माई:
काय आहे ते विचारून घे आणि इथे सांग. लावू मात्र नकोस.